निकालाचा दिवस टीव्हीसमोर: आमच्या घरी दरवेळी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातली निवृत्त शिक्षिका. नोकरीत असताना दोनदा मतमोजणीच्या कामावर होते, बाकीचे निकाल टीव्हीसमोर बसून पाहिले. कोथरूडच्या आमच्या घरी निकालाच्या दिवशी सकाळपासून माणसं जमतात. शेजारपाजारचे येतात, भाचरं येतात, जुन्या विद्यार्थिनी येतात आणि वरच्या मजल्यावरचे ऐंशी पार केलेले आजोबा काठी टेकत येतात. चहा-पोहे होतात आणि दरवेळी तेच प्रश्न निघतात. या वेळी उत्तरं लिहूनच काढली. निकाल नीट बघायला राजकारणाचा अभ्यास लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो.

टीव्ही किती वाजता लावायचा?

साडेआठला लावलात तरी काही हुकत नाही. मोजणी सकाळी ८ ला सुरू होते, पण आधी टपाली मतं हाती घेतात आणि यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते. पहिल्या फेरीचा आकडा टेबलावरून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातो, तिथे तपासला जातो, मग जाहीर होतो आणि त्यानंतर बातमीदाराच्या हाती लागतो. तोवर नऊ वाजून गेलेले असतात. पहाटे सहापासून पडद्यावर जे चालतं त्यात एकही मोजलेलं मत नसतं. आमच्याकडे तेवढ्या वेळात आंघोळी आणि देवपूजा उरकतात, कांदे चिरून होतात.

मग आठ वाजून पाच मिनिटांनी पंधरा-वीस जागांचे कल कुठून येतात?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो अगदी रास्त आहे. टपाली मत उघडणं म्हणजे चिठ्ठी उलगडण्याइतकं सोपं नसतं. बाहेरचं पाकीट, आतलं पाकीट, मतदाराचं सहीचं घोषणापत्र हे सगळं आधी तपासावं लागतं. सैन्यातल्या मतदारांच्या पाकिटांवरचा क्यूआर कोड यंत्राने वाचावा लागतो. एवढं झाल्यावर मत वैध की अवैध ते ठरतं. पाच मिनिटांत त्यातून एखाद्या मतदारसंघाचा कल निघणं अवघड आहे. म्हणून ज्या आकड्याबरोबर 'किती मतं मोजली' हे सांगितलेलं नाही, तो मी वहीत घेत नाही.

टपाली मतदार कोण असतात हेही लक्षात घ्या. सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, घरून मत देणारे ८५ वर्षांपुढचे ज्येष्ठ आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले मतदार. यांच्या मतांवरून बाकीच्या दोन-तीन लाखांचं मन ओळखता येत नाही. तरीही ही मतं किरकोळ समजू नका; त्यांनी खासदार ठरवलेला आहे, तो किस्सा पुढे येईल.

फेरी म्हणजे नेमकं काय? 'सातव्या फेरीअखेर' म्हणजे किती झालं?

हे एकदा कळलं की सगळा दिवस समजतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विधानसभेच्या एका मतदारसंघासाठी मोजणीच्या दालनात साधारण १४ टेबलं मांडतात. टपाली मतांचं टेबल वेगळं. प्रत्येक टेबलावर एक पर्यवेक्षक, एक सहायक आणि एक सूक्ष्म निरीक्षक. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी कागद-पेन घेऊन बसतात. स्ट्राँगरूममधून एका मतदान केंद्राचं यंत्र टेबलावर येतं. त्याची मोहोर आणि क्रमांक प्रतिनिधींना दाखवतात. मग निकालाचं बटण दाबलं की उमेदवारागणिक आकडे दिसू लागतात. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाने नमुना १७ सी वर लिहिलेली एकूण मतं आणि यंत्रातली एकूण मतं जुळली पाहिजेत. अशी १४ टेबलांवरची १४ यंत्रं झाली की एक फेरी संपते.

म्हणजे ३०० मतदान केंद्रं असतील तर ३०० भागिले १४, साधारण २२ फेऱ्या. 'सातव्या फेरीअखेर' म्हणजे अशा मतदारसंघात जेमतेम एक तृतीयांश काम झालं. वाहिनीवर 'सातवी फेरी' ऐकू येते, पण 'बावीसपैकी सातवी' हे फार क्वचित ऐकू येतं. आणि ते 'पैकी'च महत्त्वाचं असतं. काही ठिकाणी परवानगी घेऊन टेबलं वाढवतात, तिथे फेऱ्या कमी होतात. म्हणून एकूण फेऱ्या किती, हे सकाळीच शोधून वहीच्या माथ्यावर लिहून ठेवा.

आता यातली खरी खुबी सांगते. यंत्रं टेबलावर येतात ती केंद्राच्या क्रमांकाने. पहिल्या फेरीत केंद्र १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८. आणि केंद्रांचे क्रमांक वस्तीवस्तीने लागलेले असतात. त्यामुळे पहिल्या फेरीत एका टोकाच्या वस्त्या मोजल्या जातात, शेवटच्या फेरीत दुसऱ्या टोकाच्या. एखादा उमेदवार पहिल्या पाच फेऱ्यांत पुढे असेल, तर लोकांचं मन सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे झालं असा त्याचा अर्थ होत नाही. मतं तर कधीच देऊन झालेली असतात. कुठल्या भागाची पेटी आधी उघडली, एवढाच तो फरक.

४ जून २०२४ ला वाराणसीत सुरुवातीच्या मोजणीत पंतप्रधान मोदी सहा हजारांहून अधिक मतांनी मागे दिसले आणि सगळ्या वाहिन्यांवर तीच पट्टी धावू लागली. संध्याकाळी ते १,५२,५१३ मतांनी निवडून आले. सकाळचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो एका कोपऱ्याचा होता.

मग आघाडी खरी कधी मानायची?

यासाठीच वही. मी पाच रकाने आखते: फेरी, मोजलेली मतं, पहिल्या दोघांतला फरक, उरलेली मतं, आणि शेवटच्या रकान्यात मागे असलेल्याला उरलेल्यातली किती टक्के मतं लागतील ते. मतदारसंघात एकूण किती मतदान झालं हा आकडा आदल्या दिवसांत वर्तमानपत्रात आलेला असतो.

समजा दोन लाख मतदान झालं, दीड लाख मोजून झाली आणि फरक १२ हजारांचा आहे. उरली ५० हजार. दोघांतच लढत धरली तर मागच्याला नुसती बरोबरी करायला त्यातली ३१ हजार लागतील आणि पुढच्याला १९ हजारांवर थांबावं लागेल. म्हणजे ६२ टक्के. आता वहीत मागे बघा: आतापर्यंतच्या एका तरी फेरीत त्याने ६२ टक्के घेतले आहेत का? नसतील, तर चित्र जवळजवळ स्पष्ट आहे. घेतले असतील आणि त्याच्या हक्काच्या वस्त्या अजून उरल्या असतील, तर उठू नका.

भाचीने पहिल्यांदा हा हिशेब स्वतः केला तेव्हा ती सातवीत होती. शेकडेवारी कशासाठी शिकायची, हे तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

सगळ्या राज्याच्या कलांनाही हाच नियम लागू पडतो. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणाच्या मोजणीत पहिल्या तासा-दीड तासात काँग्रेस बहुमताच्या पुढे दिसत होती. एक्झिट पोलही, म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून काढलेले अंदाजही, तेच सांगत होते. आमच्या घरात कुणीतरी 'झालं' म्हणालं आणि मी वही मिटली. दुपारपर्यंत सगळं उलटलं. ९० पैकी भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा मिळाल्या. तेव्हापासून किती फेऱ्यांपैकी किती, हे कळल्याशिवाय आमच्याकडे 'झालं' म्हणत नाहीत.

आणि आता टपाली मतांचा तो किस्सा. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मतं होती. नऊ लाख मतांत फरक एकाचा! टपाली मतं कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५०. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्या संध्याकाळी आम्ही कुणीही जागचे हललो नव्हतो.

पूर्वी टपाली मतांची मोजणी यंत्रांच्या मोजणीनंतरही लांबत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने सांगितलं की टपाली मतं मोजून झाल्याखेरीज यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घ्यायची नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे.

एका वाहिनीवर १४०, दुसरीवर १२२. खरं कोण?

दोन्हीही खरं असू शकतं. वाहिन्यांची माणसं मोजणी केंद्रांवर असतात आणि फेरी जाहीर झाली की फोनवरून आकडा कळवतात. कुणाचं जाळं सोलापुरात दाट, कुणाचं विदर्भात. ज्या जागेचा आकडा पोहोचला नाही ती जागा त्या वाहिनीच्या पडद्यावर नसते. म्हणून दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे एकूण किती जागांचे कल आहेत ते बघा. २८८ पैकी २१० जागांचे १४० आणि २८८ पैकी १८० जागांचे १२२ यात तसा फरकच नाही.

निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावरचा आकडा त्या दोन्हींच्या मागे असतो, कारण तो निर्णय अधिकाऱ्याने तपासून चढवलेला असतो. आमच्या घरी टीव्ही मराठी वाहिनीवर आणि संकेतस्थळ भाच्याच्या फोनवर. वहीत फक्त संकेतस्थळाचा आकडा जातो. टीव्हीवर माणसं दिसतात, मोजणी केंद्राबाहेरची गर्दी दिसते, हरलेल्या उमेदवाराचा चेहरा दिसतो. ते बघायला टीव्हीच हवा.

'आघाडी आघाडीवर' म्हणजे काय? आजींना काही कळत नाही.

आजींचं बरोबर आहे, मराठीत इथे खरंच गोंधळ होतो. 'आघाडी' म्हणजे पक्षांची जूट आणि 'आघाडी' म्हणजे मतमोजणीत पुढे असणं. शिवाय 'वंचित बहुजन आघाडी'सारखं पक्षाचं नावही. मी घरी बोलताना पक्षांच्या जुटीला पूर्ण नावानेच हाक मारते आणि मतांच्या आघाडीला सरळ 'पुढे' म्हणते. अमुक जण तीन हजारांनी पुढे, तमुक मागे. आजीलाही कळतं आणि नातवालाही. 'मताधिक्य' हा शब्द मात्र पूर्ण निकाल लागल्यावरच वापरावा असं माझं मत आहे.

आम्ही धायरीत राहतो. पुण्याच्या निकालात आमचा भाग कधीच दिसत नाही. असं का?

कारण तुमचं खासदारकीचं मत बारामती मतदारसंघात धरलं जातं. पुणे लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. खडकवासला शहराला लागून असला तरी लोकसभेला तो बारामतीत आहे आणि हडपसर शिरूरमध्ये. त्यामुळे २०२४ ला आपल्याच शहरातले शेजारी तीन वेगवेगळे निकाल बघत होते. पुण्यात मुरलीधर मोहोळ यांनी रवींद्र धंगेकर यांना १,२३,०३८ मतांनी हरवलं. बारामतीत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांच्यावर १,५८,३३३ मतांनी विजय मिळवला. शिरूरमध्ये अमोल कोल्हे जिंकले.

पुणे आणि बारामती या दोन्हींची मोजणी कोरेगाव पार्कातल्या अन्न महामंडळाच्या गोदामात झाली. पडद्यावर त्या गोदामाबाहेरचा बातमीदार दिसला की तो कुठल्या मतदारसंघाबद्दल बोलतोय ते आधी ऐका. आमच्याकडे यावरून पाऊण तास गैरसमज चालला होता.

लोकसभेला सहाही विधानसभा भागांची मोजणी एकाच वेळी चालते, वेगवेगळ्या टेबलांवर. त्यामुळे 'पुण्याची दहावी फेरी' हा आकडा सहा ठिकाणची बेरीज असतो, आणि कोथरूड व कॅन्टोन्मेंट एकाच बेरजेत आले की दोन्हींचा स्वभाव दिसेनासा होतो. संकेतस्थळावर भागवार आकडे मिळाले तर तेच उतरवून घ्या.

महापालिकेचा निकाल टीव्हीवर इतका तुटक का वाटतो?

कारण तो मुळातच वेगळ्या घडणीचा आहे. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे केंद्रीय आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर ती शोधून सापडणार नाही. पुण्यात ४१ प्रभाग आहेत, ४० चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा, असे १६५ नगरसेवक. एकाच प्रभागात अ, ब, क, ड जागांवर वेगवेगळ्या लढती असतात. टीव्हीच्या पट्टीत 'प्रभाग अमुकमध्ये अमुक पक्ष पुढे' असं येतं तेव्हा चारपैकी कुठली जागा, हेच कळत नाही. शिवाय एका मोजणी केंद्रावर अनेक प्रभाग असतात आणि बऱ्याचदा एक संपला की दुसरा घेतात. म्हणून अकरा वाजता एका प्रभागात गुलाल उडतो आणि शेजारच्या प्रभागाचा पत्ताच नसतो.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि १६ ला मोजणी. २०२२ च्या मार्चपासून पुण्यात नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षांनी आपल्या गल्लीचं पाणी आणि कचरा यासाठी दार ठोठवायला माणूस मिळणार होता. मला तो निकाल लोकसभेपेक्षा जवळचा वाटला, आणि टीव्हीवर त्याला मुंबईच्या बातम्यांमधली फट मिळाली. पुण्याचा निकाल बघायचा तर स्थानिक वृत्तपत्रांची संकेतस्थळं आणि त्यांचं थेट प्रक्षेपण जास्त उपयोगी पडतं. चार रकाने आखा, प्रत्येक जागेला एक.

एक्झिट पोल बघावा का?

बघा, पण वहीत घेऊ नका. मतदान सुरू असताना तो दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार बंदी आहे, म्हणून शेवटच्या टप्प्यातलं मतदान संपल्यावर अर्ध्या तासाने सगळीकडे एकदम सुरू होतो. २०२४ ला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक अंदाजांनी रालोआला (भाजप आणि मित्रपक्षांच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीला) साडेतीनशेच्या वर नेलं होतं, मिळाल्या २९३. २००४ मध्येही वाजपेयी सरकार परत येणार असं बहुतेकांनी सांगितलं होतं आणि काँग्रेस १४५, भाजप १३८ असा निकाल लागला.

चूक सहसा टक्केवारीपेक्षा जागांच्या गणितात होते. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं कितीही असोत. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांची टक्केवारी जवळपास सारखीच होती, एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७. टक्क्यावरून जागा काढायच्या म्हणजे केवढं जोखमीचं काम, ते यावरून ध्यानात येईल.

मोजणी करणाऱ्यांना आत काय कळतं? तुम्ही होतात ना?

काही म्हणजे काहीच कळत नाही. फोन बाहेर जमा होतो. पहाटे पाचच्या आसपास हजर व्हावं लागतं आणि आपल्याला कुठलं टेबल मिळणार तेही त्याच सकाळी कळतं, कारण नेमणुका संगणकावर सोडतीने होतात. मग दिवसभर आपलं टेबल, आपलं यंत्र, आपला कागद. शेजारच्या टेबलावर कोण पुढे आहे ते बघायची सवडही नसते आणि बघूही नये. बटण दाबताना समोरच्या जाळीतून आठ-दहा प्रतिनिधींचे डोळे त्या छोट्या पडद्यावर लागलेले असतात. आकडा मोठ्याने वाचायचा, पुन्हा वाचायचा, लिहायचा, सह्या घ्यायच्या. कुणी हरकत घेतली तर यंत्र पुन्हा दाखवायचं.

दोन्ही वेळा मी रात्री दमून घरी आले आणि दारातच विचारलं, कोण निवडून आलं? ज्यांची मतं मी दिवसभर मोजली त्यांचा निकाल मला नवऱ्याने सांगितला, तो टीव्हीसमोर होता. तेव्हापासून टीव्हीवर एखादा आकडा चमकला की मला त्यामागचं टेबल दिसतं. कुणी शाळेतली बाई, कुणी बँकेतला कारकून, बोट धरून आकडा वाचत असतो. 'मोजणी इतकी हळू का चालली आहे' असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते, ती हळूच चालली पाहिजे.

सगळ्या फेऱ्या संपल्या तरी 'विजयी' का लिहीत नाहीत?

व्हीव्हीपॅटमुळे, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या, मतयंत्राला जोडलेल्या उपकरणामुळे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या कागदी चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडून पाहतात. आधी एकाच केंद्राच्या मोजत, एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पाच केंद्रांच्या मोजू लागले. त्याला वेळ लागतो. तफावत निघाली तर कागदी चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. महापालिकेला मात्र व्हीव्हीपॅट नसतं.

दोघांना सारखी मतं पडली तर?

चिठ्ठी काढतात. २०१७ ला मुंबई महापालिकेत एका प्रभागाचा निकाल असाच ईश्वरी चिठ्ठीने लागला, अतुल शहा निवडून आले.

'डिपॉझिट गेलं' म्हणजे किती मतं?

वैध मतांच्या एक षष्ठांश किंवा त्याहून कमी. लोकसभेला अनामत २५ हजार, विधानसभेला १० हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी.

पूर्वी निकाल कसे बघायचे? रात्रभर जागायचे म्हणतात ते खरं का?

अगदी खरं. हा प्रश्न भाचरं विचारतात आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा उत्तर देतात, मी फक्त भर घालते. कागदी मतपत्रिका असताना त्या वेगवेगळ्या पेट्यांतून काढून एकत्र मिसळायच्या, गठ्ठे बांधायचे, मग एकेक मत बघून ढीग लावायचे. एका जागेला रात्र जाई, देशाला दोन-तीन दिवस. १९७७ च्या मार्चमध्ये मी कॉलेजात होते. मला मत नव्हतं, कारण तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. रेडिओ कानाला लावून बसायचं, आणि खरी बातमी हवी तर वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेरच्या फळ्यापाशी जायचं. खडूने आकडा लिहिणाऱ्या माणसाचा हात वर गेला की सगळी गर्दी गप्प होई. त्या वर्षी पुण्यातून मोहन धारिया जनता पक्षातर्फे निवडून आले. आजोबा म्हणतात, फळ्यावरचा जुना आकडा ओल्या फडक्याने पुसून नवा लिहीपर्यंतचे क्षण त्यांना अजून आठवतात.

पुण्यात दूरदर्शन १९७३ पासून दिसत होतं, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे, पण संच घरोघरी नव्हते. ऐंशीच्या दशकात निकालाची रात्र टीव्हीवर जागवू लागलो. प्रणय रॉय आणि विनोद दुआ आकडे समजावून सांगत आणि मधल्या वेळात सिनेमा लागे. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी अख्खा वाडा. पोरं सिनेमासाठी जागी, मोठी माणसं निकालासाठी. २००४ ला देशभर यंत्रं आली आणि रात्रीची जागरणं संपली. दुपारपर्यंत चित्र दिसू लागलं. सोय झाली यात शंका नाही. पण त्या रात्री वाड्यातली सगळी बिऱ्हाडं एका सतरंजीवर बसत, तसं बसणं व्हावं म्हणून मी आता घरी माणसं बोलावते.

अमेरिकेचा निकाल आपल्याकडे सकाळी का लागतो? आणि तिथे वाहिन्याच विजेता कसा जाहीर करतात?

मुलगा-सून तिकडे असलेल्यांचा हा प्रश्न, आणि कोथरूडात तशी घरं पुष्कळ. तिथे मतदान संपलं की त्याच रात्री मोजणी सुरू होते. नोव्हेंबरात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. ५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्रीचा निकाल आपण ६ तारखेला दिवसभर बघितला. असोसिएटेड प्रेसने ट्रम्प यांचा विजय जाहीर केला तेव्हा पुण्यात दुपारचे चार वाजले होते.

वृत्तसंस्था तिथे मोजलेली आणि उरलेली मतं यांचा हिशेब करून निष्कर्ष सांगतात, म्हणजे आपल्या वहीतलाच शेवटचा रकाना, खूप मोठ्या प्रमाणावर. अधिकृत दाखला नंतर येतो. आपल्याकडे निर्णय अधिकाऱ्याने सही केल्याशिवाय कुणी विजयी नसतो.

घरात दोन बाजूंची माणसं असली की वाद होतात. काय करावं?

आमच्याकडे एक पद्धत आहे. दोन्ही बाजूंच्या एकेकाने एकाच वहीत आळीपाळीने आकडे लिहायचे. ज्याचा उमेदवार मागे आहे त्याने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचून दाखवायचं. मोजणी केंद्रातही तसंच असतं, सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी एकाच आकड्याकडे बघून आपापल्या कागदावर तोच लिहितात. २ मार्च २०२३ ला कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला तेव्हा आमच्या खोलीत भाजपचे जुने मतदार बसलेले होते. १९९५ पासूनची जागा जवळजवळ अकरा हजारांनी गेली. त्यातल्या एकांनी शेवटची फेरी स्वतःच्या हाताने लिहिली, बेरीज पडताळली आणि 'बरोबर आहे' म्हणाले. मग चहा घेतला आणि खूप वेळ गप्प बसून राहिले. कुणी त्यांना छेडलं नाही. पुढच्याच विधानसभेला, २३ नोव्हेंबर २०२४ ला, कसबा पुन्हा भाजपकडे गेला तेव्हा गप्प बसायची पाळी दुसऱ्यांची होती.

लहान मुलांना जरूर बसवा. मात्र आरडाओरडीची चर्चा लागली की आवाज बंद करायचा आणि आकडेच बघायचे. आमच्याकडे अर्धा दिवस टीव्ही मुकाच असतो.

टीव्ही बंद कधी करायचा?

तुमच्या मतदारसंघातल्या विजेत्याच्या हाती प्रमाणपत्र पडलं की. मिरवणुका, गुलाल, सरकार कुणाचं होणार याच्या चर्चा पुढे कितीही दिवस चालतात. त्या बघायच्या की नाही हे ज्याच्या त्याच्या आवडीवर.

वही मात्र लगेच ठेवून देऊ नका. काही दिवसांनी नमुना २० प्रसिद्ध होतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो बघायला मिळतो. मतदार चिठ्ठीवरून तुमच्या केंद्राचा क्रमांक काढा, त्याला टेबलांच्या संख्येने, बहुधा १४ ने, भागा आणि अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा घ्या, म्हणजे ते कितव्या फेरीत मोजलं गेलं ते कळेल. माझं मत शाळेच्या ज्या वर्गात पडलं तो वर्ग मी अनेक वर्षं शिकवलेला आहे. त्या खोलीतले आकडे मी शेवटच्या पानावर उतरवते, 'नोटा'ची, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' ही मतंसुद्धा, आणि खाली तारीख घालते.